उपग्रह फक्त वेळ सांगतो, जागा आपलं यंत्र शोधतं

जीपीएसबद्दल एक समजूत फार घट्ट रुजलेली आहे. आकाशातला उपग्रह आपल्याला वरून पाहतो, आपण कुठे आहोत ते ओळखतो आणि हातातल्या यंत्राला कळवतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उपग्रहाला आपला पत्ताच नसतो. तो दिवसरात्र एकच काम करतो: माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले आणि मी आत्ता कुठे आहे, एवढं सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत राहतो. ऐकणारं यंत्र गाडीत आहे, बोटीत आहे की कुणाच्या खिशात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

जागा शोधण्याचं सगळं काम हातातलं यंत्र करतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की जीपीएसच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही, म्हणून त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही. भर समुद्रात किंवा निर्मनुष्य डोंगरातही ते चालतं. ऐकणारे कितीही वाढले तरी उपग्रहांवर ताण येत नाही. आणि नुसतं जीपीएस चालू केल्याने आपला ठावठिकाणा कुणालाही कळत नाही. तो कळतो तेव्हा यंत्राने स्वतः काढलेली जागा मोबाइल नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवलेली असते. तो व्यवहार वेगळा, त्याची परवानगी वेगळी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं नको तिथे घाबरतात आणि जिथे सावध राहायला हवं तिथे बेफिकीर राहतात.

मग नुसती वेळ ऐकून जागा कशी काढायची?

वेळेवरून अंतर

वीज चमकली की आपण मनात आकडे मोजतो आणि गडगडाट ऐकू आला की वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. आवाजाचा वेग माहीत असल्यामुळे उशिरावरून अंतर निघतं. जीपीएसचं मूळ तत्त्व एवढंच आहे. फरक वेगाचा आहे. उपग्रहाचा सिग्नल म्हणजे रेडिओ लहरी, आणि त्या प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावतात. उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा सिग्नल खाली यायला साधारण ६७ मिलिसेकंद लागतात, क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा त्याहून थोडा जास्त वेळ.

उपग्रह म्हणतो, ‘हा सिग्नल मी अमुक क्षणी सोडला.’ यंत्र पाहतं की तो आपल्यापर्यंत अमुक क्षणी पोचला. दोन वेळांमधल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. एका उपग्रहाचं अंतर कळलं तर आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत एवढंच कळतं. दुसऱ्या उपग्रहाचाही गोल काढला की दोन्ही गोल एका वर्तुळात छेदतात. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यातला एक बिंदू बहुतेक वेळा अवकाशात कुठेतरी असतो, म्हणून तो सोडून द्यायचा. उरला तो आपला.

जीपीएसचं वर्णन बऱ्याच ठिकाणी इथेच थांबतं. पण खरी गंमत इथून पुढे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत देखणी कल्पना तीच आहे.

प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर. म्हणजे पाच मीटरपर्यंत अचूक जागा हवी असेल तर वेळ साधारण सोळा-सतरा नॅनोसेकंदांपर्यंत बरोबर मोजली पाहिजे. उपग्रहांवर सिझियम किंवा रुबिडियमची आण्विक घड्याळं असतात, त्यांना हे जमतं. पण हातातल्या यंत्रात साधं क्वार्ट्झचं घड्याळ असतं, मनगटी घड्याळात असतं त्याच जातीचं. ते इतकं अचूक राहूच शकत नाही. एक मिलिसेकंद जरी चुकलं तरी प्रत्येक अंतर ३०० किलोमीटरने चुकेल. आणि प्रत्येक यंत्रात आण्विक घड्याळ बसवायचं म्हटलं तर खिशात मावणारं यंत्र कधी झालंच नसतं.

यावरचा तोडगा असा. यंत्राचं घड्याळ चुकलेलं आहे खरं, पण त्या क्षणी ते सगळ्या उपग्रहांच्या बाबतीत सारखंच चुकलेलं आहे. ते पुढे असेल तर सगळी अंतरं सारख्याच प्रमाणात जास्त येतील, मागे असेल तर सारख्याच प्रमाणात कमी. म्हणजे ही चूक हीसुद्धा एक अज्ञात राशी झाली, शाळेतल्या बीजगणितातल्या ‘क्ष’सारखी. जागेच्या तीन अज्ञात राशी आणि घड्याळाच्या चुकीची चौथी. चार अज्ञात राशी सोडवायला चार समीकरणं लागतात. म्हणून चौथा उपग्रह. चार उपग्रह एकाच वेळी ऐकू आले की यंत्र ही समीकरणं सोडवतं आणि जागेबरोबर आपल्या घड्याळाची चूकही शोधून काढतं.

याचा अर्थ, उघड्यावर चालू केलेल्या प्रत्येक साध्या यंत्राला आण्विक घड्याळाच्या तोडीची वेळ फुकटात मिळते. जगातल्या अनेक मोबाइल टॉवरांची, वीजजाळ्यांची आणि शेअर बाजारांच्या संगणकांची घड्याळं यावरच जुळवलेली असतात. त्यांना जागा नको असते, फक्त वेळ हवी असते. २६ जानेवारी २०१६ रोजी काही उपग्रहांवरून प्रसारित होणाऱ्या माहितीत १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली होती. ती जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत बदलताना वापरायच्या आकड्यात होती, त्यामुळे नकाशावरची जागा कुणाचीही हलली नाही. पण वेळेसाठी जीपीएसवर विसंबलेल्या दूरसंचार आणि प्रसारण यंत्रणांमध्ये बिघाडाच्या सूचना वाजू लागल्या होत्या.

ऐकू येतं तरी कसं?

उपग्रह सिग्नल सोडतो तो फार तर काही दशक वॅटच्या ताकदीचा. वीस हजार किलोमीटर खाली येईपर्यंत तो इतका पसरतो की अँटेनाला मिळणारा वाटा जवळजवळ शून्यच म्हणावा. एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, त्यातला एखादा भाग हाती येतो. यंत्राच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक भागांत उष्णतेमुळे जी खरखर असते तिच्यातही हा सिग्नल पूर्ण बुडालेला असतो. त्यात भर म्हणजे सगळे जीपीएस उपग्रह एकाच वारंवारतेवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एकाच वेळी बोलत असतात.

यातून प्रत्येक आवाज वेगळा काढायची युक्ती अशी. प्रत्येक उपग्रहाला एकेक ठरलेला संकेत दिलेला आहे: शून्य आणि एक यांचा १,०२३ आकड्यांचा क्रम. पाहणाऱ्याला तो निव्वळ कसाही मांडलेला वाटतो, पण तो पक्का ठरलेला असतो आणि उपग्रह तो दर मिलिसेकंदाला पहिल्यापासून पुन्हा म्हणतो. सगळ्या उपग्रहांचे क्रम यंत्राला तोंडपाठ असतात. यंत्र एका उपग्रहाचा क्रम स्वतः तयार करतं आणि अँटेनाकडून येणाऱ्या खरखरीशी ताडून पाहतं. जुळत नसेल तर क्रम किंचित सरकवून पुन्हा ताडतं. सरकवता सरकवता दोन्ही क्रम नेमके एकमेकांवर बसले की हजारभर आकड्यांची बेरीज एकाच दिशेने होते आणि खरखरीतून सिग्नल एकदम वर येतो. खरखर स्वतः अशी कधी जुळत नाही, तिची बेरीज-वजाबाकी होऊन ती विरून जाते. दुसऱ्या उपग्रहाचा क्रमही जुळत नाही, कारण हे क्रम मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे निवडलेले आहेत. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ साली ते तयार करायची पद्धत मांडली, म्हणून त्यांना गोल्ड कोड म्हणतात.

क्रम किती सरकवल्यावर जुळला, हाच तो उशीर. अंतर त्यातूनच निघतं. क्रमातला एक आकडा जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लहर सुमारे २९३ मीटर पुढे गेलेली असते. यंत्र क्रम नुसता आकड्यापर्यंत न जुळवता आकड्याच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवू शकतं, म्हणून मोजणी काही मीटरांपर्यंत येते.

जुळवणीत एक अडचण आणखी असते. उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने जात असतो. तो आपल्याकडे येत असेल तर त्याची वारंवारता थोडी चढलेली ऐकू येते, दूर जात असेल तर उतरलेली. हा डॉप्लर परिणाम. त्यामुळे क्रम सरकवण्याबरोबरच वारंवारताही थोडी वरखाली करून पाहावी लागते. पण हीच अडचण दुसऱ्या बाजूने फार उपयोगी पडते: वारंवारता किती हलली यावरून यंत्राला आपला वेग थेट मोजता येतो. चांगलं आकाश असेल तर हा वेग गाडीच्या स्पीडोमीटरपेक्षा भरवशाचा असतो.

खरं तर उपग्रहांवरून जागा काढायची कल्पना याच डॉप्लरमधून जन्मली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा बीप-बीप आवाज ऐकत होते. वारंवारतेच्या चढउतारावरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्यूर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? आलं. त्यातून पाणबुड्यांसाठी ट्रान्झिट ही यंत्रणा उभी राहिली आणि १९६४ मध्ये कामाला लागली. जीपीएसचा कार्यक्रम १९७३ साली ब्रॅडफोर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला आणि संपूर्ण यंत्रणा सज्ज झाल्याची घोषणा १९९५ मध्ये झाली.

चालू केल्यावर लागणारा वेळ

अंतर कळलं तरी उपग्रह नेमका कुठे होता हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. ती माहिती उपग्रह स्वतःच सांगतो, पण फारच सावकाश: सेकंदाला ५० बिट. आपल्या कक्षेचा नेमका तपशील, ज्याला एफेमेरिस म्हणतात, तो दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होतो आणि साधारण चार तास वापरण्याजोगा असतो. बाकीच्या सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात.

बरेच दिवस बंद असलेलं यंत्र चालू केलं की फिक्स, म्हणजे पहिली जागा, मिळायला वेळ का लागतो, याचं उत्तर इथे आहे. कोणते उपग्रह वर आहेत हे त्याला माहीत नसतं, म्हणून ते एकेक क्रम ताडत बसतं. सापडल्यावर प्रत्येकाची कक्षा ऐकावी लागते, आणि मध्येच झाड किंवा भिंत आडवी आली तर तो ३० सेकंदांचा निरोप पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी यंत्र घेऊन चालायला लागू नये. मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटं स्थिर उभं राहावं, काम लवकर होतं. मोबाइल मात्र काही सेकंदांत जागा दाखवतो, कारण कक्षांची माहिती तो इंटरनेटवरून आयती घेतो आणि टॉवरवरून आपला ढोबळ ठिकाणाही त्याला कळलेला असतो. नेटवर्क नसलेल्या भागात तोच मोबाइल अडखळतो. ‘रेंज नाही म्हणून जीपीएस चालत नाही’ असं लोक म्हणतात ते यामुळे. चालतं, फक्त थांबावं लागतं. नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर मात्र कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसेल.

फार जुनं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं, जीपीएस यंत्र कपाटातून काढलं आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची दिसली तर गोंधळून जाऊ नये. मूळ जीपीएस संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहिलेला असतो. १,०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. असा फेरा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि मग एप्रिल २०१९ मध्ये पूर्ण झाला. ज्या यंत्रांना हे शिकवलेलं नाही ती तारीख चुकवतात, पण जागा बहुतेक वेळा बरोबर दाखवतात.

आकाशातलं घड्याळ पुढे धावतं

उपग्रहावरचं घड्याळ आपल्या घड्याळासारखं चालत नाही. वेगाने जाणारं घड्याळ हळू चालतं, आणि गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या उंचीवरचं घड्याळ जलद चालतं. दोन्ही गोष्टी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून येतात. जीपीएसच्या कक्षेत वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंदांचा तोटा होतो आणि उंचीमुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंदांचा फायदा. म्हणजे घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो.

म्हणून उपग्रहाच्या घड्याळाची गती जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित कमी ठेवतात. कक्षेत गेल्यावर ती जमिनीवरच्या गतीशी जुळते. १९७७ मध्ये सोडलेल्या एका चाचणी उपग्रहावर ही दुरुस्ती सुमारे वीस दिवस बंद ठेवून पाहिलं होतं. घड्याळ भाकिताच्या अगदी जवळ, तेवढंच पुढे गेलं. आता हा सिद्धांत रोज कोट्यवधी खिशांत वापरला जातो, वापरणाऱ्याला कळतही नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

चूक कुठून येते

जागा चुकते म्हणजे कुठेतरी वेळ चुकलेली असते. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरपासून पुढे काही शे किलोमीटरपर्यंत हवेत विद्युतभारित कण असतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. तिथून जाताना सिग्नल रेंगाळतो, आणि यंत्राला वाटतं उपग्रहच लांब आहे. ही चूक काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत जाऊ शकते. दुपारी आणि सूर्यावर डागांची गर्दी असलेल्या वर्षांत जास्त. उपग्रह या उशिराचा एक ढोबळ अंदाज प्रसारित करतो, त्याने चूक साधारण निम्मी होते. पक्का उपाय म्हणजे दोन वारंवारता ऐकणं. कमी वारंवारतेची लहर जास्त रेंगाळते, त्यामुळे दोघींमधल्या फरकावरून उशीर नेमका काढता येतो. पूर्वी हे फक्त सर्वेक्षणाच्या महागड्या यंत्रांना जमायचं. २०१८ पासून मोबाइलमध्येही अशा चिप येऊ लागल्या. यंत्र घेताना खोक्यावर एल-१ (नेहमीची वारंवारता) बरोबर एल-५ (दुसरी वारंवारता) लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हा. एल-५ चा क्रम दहापट वेगाने धावतो, म्हणून भिंतींवर आपटून आलेला सिग्नल थेट सिग्नलपासून वेगळा काढणं सोपं जातं. हा दुसरा फायदा शहरात कळतो.

शहरात आयनांबरापेक्षा भिंती जास्त छळतात. उपग्रहाचा सिग्नल थेट न येता समोरच्या इमारतीवर आपटून आला तर तो जास्त अंतर चालून आलेला असतो. यंत्राला आपटणं कळत नाही, त्याला फक्त उशीर कळतो. मग आपण रस्त्याच्या या बाजूला उभे असताना ठिपका पलीकडच्या बाजूला जातो. जीपीएसची लहर पुढे सरकताना एका ठरावीक दिशेने फिरत येते आणि परावर्तित झाली की बहुधा उलट फिरते. हँडहेल्ड यंत्राची चांगली अँटेना उलट फिरणाऱ्या लहरीला दाद देत नाही. मोबाइलच्या चिमुकल्या अँटेनाला हा भेद करता येत नाही. मोबाइल सोडून वेगळं यंत्र घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी पहिलं कारण अँटेनाचं सांगेन. वर शेंडी असलेल्या यंत्रात बहुधा मळसूत्री अँटेना असते, ते उभं धरावं. चपट्या यंत्रात फरशीसारखी चौकोनी अँटेना असते, ते आडवं, आकाशाकडे तोंड करून धरावं. एवढ्यानेही फरक पडतो.

ढगांनी सिग्नल अडत नाही. काच आणि कापडही बहुधा आड येत नाही. पाणी अडवतं: ओल्या पानांचं दाट छत्र आणि माणसाचं शरीर. म्हणून यंत्र पाठपिशवीच्या तळाशी न ठेवता खांद्याच्या पट्ट्याला वर लावावं.

उपग्रह आकाशात कसे पसरलेत यावरही बरंच अवलंबून असतं. सगळे एकाच बाजूला असतील तर त्यांचे गोल फार तिरके छेदतात आणि छोटी चूक मोठी होते. दरीत आणि उंच इमारतींच्या गल्लीत नेमकं हेच होतं. उपग्रह जितके जास्त, तितकी चांगली पांगापांग सापडते. म्हणून आजची यंत्रं अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि काही यंत्रं भारताची नाविक यांचेही उपग्रह ऐकतात. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक ५ मीटरच्या आसपास असते. पडद्यावर ‘± ३ मीटर’ असं येतं ते यंत्राने स्वतःच बांधलेलं अनुमान असतं. परावर्तन ओळखता आलं नसेल तर ती चूक त्या आकड्यात धरलेली नसते.

एके काळी चूक मुद्दामही घातली जायची. जीपीएस हे अमेरिकी सैन्याचं साधन. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडण्यात आलं, २६९ जण मेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही सेवा पूर्ण झाल्यावर सर्वांना खुली राहील असं जाहीर केलं. पण नागरी सिग्नलमध्ये गोंधळ घालून तो शंभरेक मीटरपर्यंत बिघडवला जायचा. दरम्यान १९८९ मध्ये मॅगेलन कंपनीचं नॅव्ह १००० हे हातात मावणारं पहिलं व्यापारी यंत्र बाजारात आलं होतं. १९९१ च्या आखाती युद्धात सैन्याची स्वतःची यंत्रं पुरली नाहीत, नागरी यंत्रं विकत घ्यावी लागली, आणि ती नीट चालावीत म्हणून तो गोंधळ तात्पुरता बंद करावा लागला. मे २००० मध्ये तो कायमचा थांबवला. गाडीत रस्ता सांगणारी यंत्रं त्यानंतर घरोघर पोचली, कारण शंभर मीटरच्या चुकीत वळण नेमकं कोणतं हे सांगता येत नाही.

उंची, दिशा आणि नकाशा

उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त डळमळतो. कारण सरळ आहे: उपग्रह सगळे वरच्या बाजूला असतात, पायाखालचे पृथ्वीने झाकलेले. त्यातून ‘उंची कशापासून मोजायची’ हा वेगळाच प्रश्न आहे. यंत्र हिशेब करतं तो पृथ्वीचा आकार म्हणून ठरवलेल्या एका गुळगुळीत लंबगोलापासून. समुद्राची पातळी त्या लंबगोलाशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती सुमारे १०६ मीटर खाली आहे, न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मीटर वर. बहुतेक यंत्रांत याचा तक्ता भरलेला असतो आणि ती दुरुस्ती करूनच आकडा दाखवतात. डोंगरात फिरणाऱ्यांसाठीच्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा भागही असतो. चढ-उतार मोजायला तोच भरवशाचा, फक्त माहीत असलेल्या उंचीवर तो अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो.

दिशा जीपीएसला उभ्या उभ्या कळत नाही. जागा म्हणजे एक बिंदू, आणि बिंदूला तोंड नसतं. आपण चालायला लागलो की सरकण्यावरून दिशा निघते. थांबल्यावर बाण गरगरतो तो यामुळे. यंत्रात वेगळं चुंबकीय होकायंत्र असेल तर तो स्थिर राहतो, पण तेही गाडीच्या लोखंडाजवळ फसतं.

आणि नकाशा तर पूर्ण वेगळी वस्तू आहे. जीपीएस फक्त अक्षांश, रेखांश आणि उंची देतं. गाडीतलं यंत्र त्या बिंदूला सर्वांत जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं, कारण गाडी रस्त्यावरच असणार असं ते गृहीत धरतं. समांतर धावणारा पूल आणि खालचा रस्ता यांत त्याची गल्लत होते ती इथे. बोगद्यात सिग्नल तुटला की शेवटचा वेग आणि दिशा धरून ते अंदाजाने ठिपका पुढे ढकलतं. यंत्राने सांगितलेला रस्ता प्रत्यक्षात नसेल तर चूक बहुधा उपग्रहांची नसते, नकाशा जुना असतो. अशा वेळी समोरच्या रस्त्यावर विश्वास ठेवावा.

जाणूनबुजून केलेल्या अडथळ्यापुढे मात्र ही सगळी यंत्रणा हतबल आहे. सिग्नल मुळातच इतका क्षीण की जवळचा एखादा छोटा ट्रान्समीटरही तो सहज बुडवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे खोटा सिग्नल. तो यंत्राला चुकीची वेळ ऐकवतो आणि यंत्र प्रामाणिकपणे चुकीची जागा काढतं. युद्ध चालू असलेल्या प्रदेशांच्या आसपास विमानं आणि जहाजं हे वारंवार अनुभवतात, म्हणून त्यांच्यावर दिशादर्शनाची दुसरी साधनं ठेवावीच लागतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण संकटात हीच जास्त नडते. आपली जागा दुसऱ्याला सांगताना आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत तेही सांगावं. अंश दशांशात लिहिले तर १८.५० म्हणजे साडेअठरा अंश, म्हणजेच १८ अंश ३० मिनिटं. ऐकणाऱ्याने ते १८ अंश ५० मिनिटं असं लिहून घेतलं तर अक्षांशात २० मिनिटांची चूक झाली. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटरचं असतं, म्हणजे मदत ३७ किलोमीटर लांब जाईल. यंत्राच्या सेटिंगमध्ये ही पद्धत बदलता येते. सोबतच्या सगळ्यांनी निघण्याआधीच ती एकसारखी करून ठेवावी. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, पाचवा आकडा अक्षांशात साधारण १.१ मीटर दाखवतो. त्यापुढचे आकडे फोनवर सांगण्यात वेळ घालवू नये, हातातल्या यंत्रालाच ते खात्रीने माहीत नसतात.